गाडी जुनी, वजन तेच

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत गाडी सहजासहजी भंगारात जात नाही. एमएच-३४ आणि एमएच-३३ च्या पाट्यांच्या मारुती ८००, ओम्नी, जुन्या बोलेरो, सुमो, कमांडर अजून रोज धावतात. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं. ताडोबात पर्यटकांना फिरवणारी उघडी जिप्सीही २०१९ च्या आसपास सामान्य गिऱ्हाइकाला मिळेनाशी झाली. तरी सुटे भाग मिळतात, मिस्त्री गावोगाव आहेत, आणि एसटीची शेवटची गाडी निघून गेल्यावर सिंदेवाहीहून ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात जायचं तर दारातली जुनी गाडीच कामी येते. तिच्या ब्रेकचं काम निघालं की कोणता माल घालायचा यावरून वाद ठरलेला. तो इथे दोघांच्या तोंडी घातला आहे. गुरुजी निवृत्त शिक्षक, विषय गणित, दारात २००७ ची मारुती ८००. मिस्त्री मूल रस्त्यावरचा, निम्मं आयुष्य कोळशाच्या ट्रकांखाली आणि उरलेलं छोट्या गाड्यांखाली घालवलेला. दोघंही कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे तसे नाहीत. माझा कल मिस्त्रीकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. पण गुरुजींचे आक्षेप फुसके नाहीत, आणि दोन-तीन ठिकाणी मिस्त्रीलाही माघार घ्यावी लागते.

गुरुजी हिशेबापासून सुरुवात करतात. "भाऊ, गाडी आज विकायला काढली तर चाळीस हजार तरी येतील का, देव जाणे. आणि तुम्ही पुढचे पॅड, मागचे शू, सगळ्या चाकांचं रबर, होज, ऑइल असं सगळं नवं घालायला सांगून राहिले. गाडीच्या किमतीचा केवढा तरी हिस्सा एकट्या ब्रेकात गेला. बरं, मी पन्नास-साठच्या वर जात नाही. आपल्याकडे खंडाळ्याचा घाट नाही की आंबेनळीचा नाही. जुन्या शूला नवं लायनर मारा, पॅड स्वस्तातले घाला. गाडीचं जेवढं आयुष्य उरलं तेवढ्याला पुरे." हा विचार कंजूषपणाचा नाही. सीट कव्हर, रंग, टेप यांच्या बाबतीत तो अगदी बरोबर आहे: जी वस्तू आणखी पाच वर्षं वापरायची तिच्यावर पंधरा वर्षांचा खर्च कशाला? विमा कंपन्याही गाडीची किंमत दरवर्षी उतरवतच नेतात.

मिस्त्री एवढंच विचारतो, "गाडी म्हातारी झाली म्हणून तिचं वजन उतरलं का जी, गुरुजी?" सगळ्या वादाची किल्ली या प्रश्नात आहे. ब्रेकचं काम गाडीच्या बाजारभावावर ठरत नाही, वजन आणि वेगावर ठरतं. मारुती ८०० रिकामी साडेसहाशे किलोच्या आसपास भरते. पाच माणसं आणि लग्नाचं सामान घेतलं की हजाराच्या घरात जाते. नवी होती तेव्हाही हेच वजन होतं. गुरुजी गणिताचे आहेत, तर गणितच करून पाहू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १६.७ मीटर. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद इतका वेग कमी करतो असं धरा, आणि कमजोर ब्रेक ५. पहिली गाडी सुमारे २० मीटरांत उभी राहते, दुसरीला २८ मीटर लागतात. आठ मीटर म्हणजे दोन मारुतींच्या लांबीपेक्षा थोडं जास्तच. फरक किरकोळ वाटतो, कारण आपण तो अंतरात मोजतो. वेगात मोजा: पहिली गाडी जिथे थांबली, नेमक्या त्याच जागी दुसरी अजून ताशी ३२ किलोमीटरनं पुढे जात असते. त्या जागी म्हैस असेल तर एका गाडीनं तिला हुंगलं आणि दुसरीनं तिला बोनेटवर घेतलं. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा सेकंद, म्हणजे आणखी १७ मीटर, दोन्ही गाड्यांना सारखाच. तो यात धरलेलाच नाही.

गुरुजी आकडे तपासतात आणि गृहीतकावर बोट ठेवतात. "हिशेब बरोबर आहे, पण पाच आणि सात आणले कुठून? कोरड्या रस्त्यावर जोरात पाय दिला तर बाजारातला कुठलाही पॅड चाक जाम करून टाकतो. चाक घासत निघालं की गाडी टायरच्या भरवशावर थांबते, पॅडच्या नाही." या वादातला हा सर्वांत तगडा आक्षेप आहे, आणि महागडे पॅड विकणारे तो कधी बोलून दाखवत नाहीत. तो मान्यच करायला हवा. थंड ब्रेक, कोरडा रस्ता आणि तरण्या माणसाचा पाय असेल तर पहिल्या दाबाला स्वस्त आणि महाग पॅडांत फारसा फरक पडणार नाही, आणि टायर गुळगुळीत झाले असतील तर आधी टायर घ्यावेत. पण पाय नेहमीच तरण्या माणसाचा नसतो. ज्या पॅडला दीडपट जोर लागतो तो पासष्टीच्या गुडघ्याला घाईच्या क्षणी अपुरा पडतो. आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. चाक जाम होणार हे खरं, पण आधी कोणतं होणार?

भारतात नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. गुरुजींची गाडी त्याच्या कितीतरी आधीची. तिच्यात चाक जाम होऊ न देणारं कोणतंही यंत्र नाही. पुढच्या आणि मागच्या ब्रेकांत कामाची वाटणी कशी करायची, हे कारखान्यानं मूळ पॅड आणि मूळ शू यांची पकड धरून एकदाच ठरवून टाकलं आहे. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाकं हलकी होतात. आता पुढे पकड कमी असलेला स्वस्त पॅड आणि मागे कडक पकडीचं लायनर अशी जोडी पडली, तर मागची चाकं आधी अडकतात आणि गाडीचं बूड फिरतं. दोन्ही माल वेगवेगळे तपासले तर दोन्ही 'चांगले' निघतील. डाव्या-उजव्याचंही तेच. एका बाजूचा शू नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुनाच ठेवला, तर ओल्या रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढते. मिस्त्री नेहमी जोडीनं काम करायला सांगतो ते बिल वाढवायला नव्हे. युरोपात बदली पॅड आणि लायनिंगसाठी नियमन ९० आहे. बदली मालाची पकड मूळ मालाच्या पंधरा टक्क्यांच्या आत हवी, असा त्याचा आग्रह. पंधरा टक्क्यांहून जास्त घट नको हे कुणालाही पटेल, पण तेवढ्याहून जास्त वाढही नको असं तो म्हणतो. जुन्या गाडीसाठी सगळ्यात मजबूत माल शोधू नये, तिला बेतलेला माल शोधावा, ही माझी मुख्य बाजू. 'स्वस्त चालेल' म्हणणारे गुरुजी आणि 'सिरॅमिक टाका, भोकाभोकांची डिस्क टाका' असं पुण्याहून फोनवर सांगणारा त्यांचा पुतण्या एकाच चुकीच्या दोन टोकांना उभे आहेत. पुतण्याचा मुद्दा इथेच निकाली काढू: शर्यतीच्या गाडीसाठी बनलेले काही पॅड तापल्याशिवाय नीट धरतच नाहीत, आणि मूलच्या बाजाराला जाणारी मारुती कधी तेवढी तापत नाही.

आता घाटाचा मुद्दा. इथे मिस्त्री माघार घेतो आणि घ्यायलाच हवी. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यानं पॅड तापून पकड सोडतात ही सह्याद्रीतली काळजी झाली. चंद्रपूर ते गडचिरोली या ऐंशीएक किलोमीटरांत तसा उतारच नाही. चंद्रपूरचा मे महिना ४७ अंशांवर जातो, म्हणून ब्रेकला वेगळा माल लागतो, असं सांगणारा दुकानदार थापा मारतो. ब्रेक लागताना पॅडचा पृष्ठभाग शेकडो अंशांपर्यंत तापू शकतो. बाहेरची हवा चाळीसची की सत्तेचाळीसची, याचा तिथे पत्ताही लागत नाही. पण घाट नाही म्हणून ब्रेकचं काम हलकं, हे खरं नाही. इथला ब्रेक उतारानं थकत नाही, तो अचानक लागतो. चिचपल्लीच्या जंगलातून मूलकडे रात्री जाताना चितळ, नीलगाय, रानडुक्कर दिव्याच्या उजेडात येईपर्यंत दिसत नाही. पावसाळ्यात गावची गुरं कोरडी जागा म्हणून डांबरावरच बसतात, आणि काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दिसतच नाही. घुग्घुसकडे कोळशाची भुकटी, सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी खिळखिळ्या केलेल्या आलापल्ली-आष्टी रस्त्यावर लाल धूळ. पहिल्या सरीत त्याचा चिखल होतो आणि टायर निसटतात. शिवाय रपटे, म्हणजे नाल्यावरचे ठेंगणे पूल. नाल्याचं पाणी रपट्यावरून वाहत असताना गाडी घातली की ड्रममध्ये पाणी शिरतं, शू आणि ड्रम यांच्यात पाण्याचा थर बसतो, आणि पलीकडे गेल्यावर पहिला ब्रेक लागतच नाही. डिस्क फिरता फिरता पाणी झटकून टाकते. ड्रम डब्यासारखा बंद, त्याला वेळ लागतो. रपटा ओलांडला की हळू चालवत दोन-चारदा ब्रेक हलका दाबून शू वाळवायचे, ही सवय कोणत्याही महागड्या पॅडपेक्षा जास्त कामाची आणि फुकटची.

इतका वेळ बोलणं पॅड आणि शूंभोवतीच फिरलं. जुन्या गाडीत खरा धोका दुसरीकडे असतो. मिस्त्री मागचं चाक काढतो, ड्रम उतरवतो आणि व्हील सिलिंडरच्या टोकावरची रबरी टोपी नखानं जराशी उचलतो. आत ओल चमकते. जमिनीवर डाग नाही, डब्यातली ऑइलची पातळी डोळ्याला भरेल इतकी उतरलेली नाही, पण टोपीच्या आत ओल आहे. म्हणजे आतल्या रबरी कपनं ऑइल सोडायला सुरुवात केली. "शू अजून निम्मा बाकी आहे, गुरुजी. तो आज नाही बदलला तरी चालते. हे नाही बदललं तर नवा शूसुद्धा तेलात भिजून वाया जाईन." पॅड आणि शू किलोमीटरनं झिजतात, रबर वर्षांनी म्हातारं होतं. गाडी पंधरा वर्षांत फक्त तीस हजार चालली असं गुरुजी अभिमानानं सांगतात; त्यांच्या पॅडसाठी ती बातमी चांगली आहे, रबरासाठी नाही. उभ्या गाडीत कप एकाच जागी बसून राहतो, आणि ब्रेक ऑइल चार महिन्यांच्या पावसाळी हवेतली ओल शोषत राहतं. नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकोलचं असतं आणि ओल शोषणं हा त्याचा स्वभावच. ताजं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये असं मानक सांगतं, ओल शोषलेल्यासाठी ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५.

"पण तुम्हीच म्हणालात इथे ब्रेक तापत नाही. मग ऑइल उकळो की न उकळो, मला काय?" गुरुजींनी मिस्त्रीला त्याच्याच शब्दांत पकडलं, आणि पुन्हा बरोबर पकडलं. घाट नसलेल्या मुलुखात उकळबिंदूची भीती दाखवून ऑइल विकणं हा अर्धवट युक्तिवाद आहे. ऑइल बदलायचं कारण गंज. शोषलेलं पाणी सिलिंडरच्या गुळगुळीत भिंतीवर बारीक खड्डे पाडतं, आणि नवा रबरी कप त्या खड्ड्यांवरून घासत गेला की काही महिन्यांत फाटतो. म्हणून नव्या रबराचं किट घालण्याआधी सिलिंडर कोरडा पुसून आत बोट फिरवून पाहायचं. खड्डे नखाला लागले तर नुसतं किट घालणं म्हणजे पैसे पाण्यात, अख्खा सिलिंडरच घ्यावा. दोन वर्षांनी ऑइल बदलणाऱ्याला हा खर्च क्वचित येतो. याच ठिकाणी गावाकडच्या दोन सवयी फार घात करतात. एक, डब्यात ऑइल कमी दिसलं की हाताशी असलेलं इंजिन ऑइल किंवा जॅकचं तेल ओतणं. खनिज तेलानं हे रबर फुगतं, आणि ते एकदा आत फिरलं की मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतचं रबर बदलावं लागतं. दुसरी, तेलकट शू पेट्रोलनं धुऊन, पॉलिश पेपर मारून पुन्हा बसवणं. वरून तो कोरडा दिसतो, पण लायनरच्या आत मुरलेलं तेल गरम झालं की बाहेर येतं. मास्टर सिलिंडरची परीक्षा घरी करता येते: इंजिन चालू ठेवून पेडलवर पाय एकसारखा दाबून मिनिटभर ठेवायचा. पेडल हळूहळू खाली सरकत गेलं आणि बाहेर कुठे गळती दिसली नाही, तर आतला कप गेला. होजची फसवणूक याहून वाईट. बाहेरून भेगा दिसल्या तर माणूस सावध होतो. पण जुना होज आतून फुगून बंद होत आला की दाब जातो, परत येत नाही. पाय काढल्यावरही चाक धरलेलंच राहतं, आणि मालक मायलेज कमी झालं म्हणून पेट्रोल पंपाला शिव्या देतो.

एवढं ऐकल्यावर गुरुजी व्यवहारी सौदा मांडतात. "ठीक. रबर, ऑइल, होज नवं घाला. मग पॅडमध्ये वाचवू द्या. शोरूमच्या पुड्याचे पैसे नाही देत मी." मिस्त्रीनं इथे पुन्हा माघार घ्यावी असं मला वाटतं, आणि तो घेतोही. शोरूमच्या पुड्याची सक्ती कशासाठीच नाही. गाडी कंपनी पॅड स्वतः बनवत नाही. १९६२ साली सुरू झालेल्या ब्रेक्स इंडियासारखे किंवा सुंदरम ब्रेक लायनिंग्जसारखे कारखाने वाहन कंपन्यांनाही माल देतात आणि स्वतःच्या नावानं बाजारातही विकतात. त्यांच्या पुड्यातला, आपल्याच मॉडेलसाठीचा पॅड घेतला तर गुरुजींचा खर्चही आटोक्यात राहतो आणि बेतही जमतो. वाद आहे तो बेनामी मालाशी. पॅड हातात घ्या आणि त्याच्या कडेला छापलेलं पाहा. पुष्कळ पॅडांवर शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं थंड असतानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्याही वर. जुन्या पॅडवर दोन्हीकडे एफ असेल आणि दुकानदार ई-ई देत असेल, तर तो स्वस्त का आहे हे तिथेच कळतं. अक्षरांना देवत्व मात्र देऊ नये. ती छोट्या तुकड्यावर प्रयोगशाळेत घेतलेल्या चाचणीची असतात, पट्टे रुंद आहेत, आणि नक्कल करणारा अक्षरंही छापू शकतो. भारतात लायनिंगसाठी आयएस २७४२ हे मानक आहे, पण मानक कागदावर असणं आणि काउंटरवरचा माल त्यात बसणं यांत अंतर आहे. म्हणून कारखान्याचं नाव, पुसट नसलेला बॅच क्रमांक आणि पक्कं बिल या तिन्ही गोष्टी मागाव्यात. पक्कं बिल मागताच जो दुकानदार त्रासतो, त्याच्या पुड्यावर पैसे टाकू नयेत.

लायनरच्या बाबतीत गुरुजी ऐकत नाहीत. "घुग्घुसचे कोळशाचे ट्रक लायनरवरच चालतात ना? तुम्हीच उभं आयुष्य लायनर मारलं. टनांनी माल नेणाऱ्या ट्रकला जे चालतं ते माझ्या मारुतीला का नाही?" प्रश्न मिस्त्रीच्या धंद्यावरच उलटतो, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं. ट्रकचा शू लायनर बदलण्यासाठीच बनवलेला असतो. त्याला भोकं असतात, लायनरलाही तशीच, आणि रिव्हेट यंत्रावर ठोकले की ते धातूला धातूनं धरतं. छोट्या मोटारीच्या शूवर लायनर कारखान्यात ठरावीक दाबाखाली, भट्टीत तापवून चिकटवलेलं असतं. गॅरेजमध्ये डिंक लावून, शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवलेलं लायनर तसं धरेल याची हमी कोण देणार? ते सुटलं तर ड्रममध्ये आडवं अडकून चाक जाम करतं, नाही तर शूचं नुसतं लोखंड ड्रमवर घासतं. शिवाय लायनरची गोलाई ड्रमशी जुळली नाही तर शू मधल्या पट्ट्यावरच टेकतो आणि हँडब्रेक चढावर गाडी धरत नाही. तयार शूचा संच या गाडीसाठी मिळतो, मग ही कसरत कशासाठी?

सुट्या लायनरविरुद्धचा खरा मुद्दा अजून बोलला गेलेला नाही, आणि तो गुरुजींच्या गाडीबद्दल नाही. ब्रेकच्या लायनिंगमध्ये अनेक दशकं ॲस्बेस्टॉस वापरलं गेलं, कारण ते उष्णता सोसतं, सहज झिजत नाही आणि स्वस्त आहे. त्याच्या तंतूंनी फुप्फुसं घट्ट होतात आणि कर्करोग होतो हेही तितकंच जुनं ज्ञान. युरोपीय संघानं २००५ पर्यंत त्यावर बंदी आणली. भारतात सरसकट बंदी नाही. जानेवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याला जगण्याच्या हक्काचा भाग मानलं आणि कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षं ठेवायला सांगितलं. पण ते खाणी-कारखान्यांतल्या कामगारासाठी. मूल रस्त्यावरच्या टपरीवजा गॅरेजात ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेनं, नाही तर तोंडानंच, काळी भुकटी फुंकणाऱ्या पोराची नोंद कुठल्या रजिस्टरात आहे? बेनामी लायनरमध्ये काय आहे हे ना त्याला माहीत, ना गिऱ्हाइकाला. नामांकित कारखाने पुड्यावर 'ॲस्बेस्टॉसमुक्त' असं छापतात. हिंदुस्थान कंपोझिट्ससारखा घर्षणाचा माल बनवणारा कारखाना तर शेजारच्या भंडाऱ्यातच आहे, म्हणजे चांगला माल फार लांबून आणायचा आहे असंही नाही. गुरुजी वाचवलेले पैसे मोजतात, पण लायनर घासताना उडणारी भुकटी त्यांच्या वहीत कुठल्याच रकान्यात बसत नाही. जुना ड्रम उघडताना आधी ओल्या फडक्यानं पुसायचा, हवा मारायची नाही, एवढं गिऱ्हाइकानं समोर उभं राहून मागितलं तरी पुष्कळ.

गुरुजींचा शेवटचा आक्षेप त्यांच्यासाठी नाही, भामरागडच्या माणसासाठी आहे. "तिथे काळी-पिवळी जीप चालवणाऱ्याला सांगा, नामांकित कारखान्याचा शू, पक्कं बिल. पर्लकोटा नदीला पूर आला की गावच तुटतं. सिरोंच्याची माणसं सामानासाठी गोदावरी ओलांडून तेलंगणात जातात. तुमचा सल्ला चंद्रपूरच्या माणसाचा आहे." याला मिस्त्रीकडे पूर्ण उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. तिथे जीप दोन दिवस उभी राहिली तर बाळंतीण दवाखान्यात कशी पोचेल हा खरा प्रश्न आहे, आणि अशा वेळी लायनर मारलेली जीप उभ्या जिपेपेक्षा बरी. पण त्यातही सगळंच सारखं नसतं. लायनर मारायचंच तर एका आसाच्या दोन्ही चाकांना, एकाच पेटीतलं, रिव्हेटचं. ऑइलची गळती आधी थांबवून मगच. आणि मूळ शूचा संच त्याच दिवशी चंद्रपूरहून एसटीच्या पार्सलनं मागवून. प्रवासी गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस काढावीच लागते आणि तिथे ब्रेक पाहिला जातो. पावसाळ्याआधी शू आणि किटचा एक संच घरात आणून ठेवला तर तुटलेल्या रस्त्याच्या दिवसांत हतबल व्हायची वेळ येत नाही. रबराचं पाकीट मात्र वर्षानुवर्षं पेटीत पडू देऊ नये, ते तिथेही म्हातारं होतं.

शेवटी गुरुजींच्या गाडीत पुढे नामांकित कारखान्याचे पॅड पडले, मागे शूचा तयार संच, दोन नवे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचं किट, होज आणि डॉट ३ ऑइल. डिस्क बदलायच्या नाहीत, यावर गुरुजी अडून बसले. मिस्त्रीनं कॅलिपर लावून जाडी मोजली, डिस्कवरच कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती जास्त निघाली, आणि गुरुजी जिंकले. पहिले दोन-अडीचशे किलोमीटर नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत जोरात ब्रेक मारायचा नाही हेही ठरलं. एअर काढून झाल्यावर ऑइलचा डबा अर्धा उरला, तो पुढच्या वर्षासाठी घरी न्यायला गुरुजींनी हात पुढे केला. मिस्त्रीनं झाकण फोडल्याची तारीख त्यावर पेननं लिहिली, डबा स्वतःच्या फळीवर ठेवला आणि म्हणाला, उघडा डबा वर्षभर ओल पित बसतो, पुढच्या वेळी पाव लिटरचा आणा. अर्ध्या डब्याचे पैसे बिलातून वजा करा, असं गुरुजी म्हणाले, आणि ते त्यानं केले.